पाटी वाजवून घ्या

संगमरवराबद्दलच्या एका प्रश्नाला गेल्या अंकात उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते, की जे जे काळं आणि पातळ, ते ते स्लेट नव्हे. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर स्लेटलाच देते आहे. स्लेट म्हणजे आपला पाटीचा दगड. दगड तपासायच्या प्रयोगशाळेत मी 31 वर्षं काढली. नाव एक, पण वागणं शंभर तऱ्हांचं, असा याच्यासारखा दुसरा दगड मला तिथे भेटला नाही.

प्रश्न : ताई, घराबाहेरचा ओटा आणि पायऱ्या यांना स्लेट लावायची आहे. दोन नमुने आणलेत. दोन्ही काळेभोर, पण एकाचा भाव दुसऱ्याच्या दुप्पट. विकणारा म्हणतो, दगड एकच, फरक फक्त फिनिशचा. खरं काय मानायचं?

त्याचं काही मानू नका आणि माझंही मानू नका. दगडालाच विचारा.

आधी वाजवा. नमुन्याचा एक कोपरा दोन बोटांत धरून तुकडा लोंबता ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या पेराने मध्यावर टकटक करा. ठणठणीत आवाज आला तर दगड आतून एकसंध आहे. बद्द आवाज आला तर आत कुठेतरी चीर आहे किंवा पापुद्रा सुटलेला आहे. मडकं वाजवून घेतात तसंच हे, फक्त मडक्यापेक्षा पाटी कमी फसवते.

मग पाणी. दोन्ही तुकडे उभे करून अर्धे पाण्यात बुडवा आणि एक दिवस तसेच राहू द्या. चांगल्या पाटीत ओलीची रेघ पाण्याच्या पातळीशीच थांबते. ती वर चढत गेली तर तो दगड पाणी पितो, आणि पाणी पिणारा दगड उन्हापावसात पापुद्रे सोडतो. आणखी बारकाईने पाहायचं असेल तर तुकडा नीट वाळवून वजन करा, मग पूर्ण बुडवून ठेवा, बाहेर काढून पुसा आणि पुन्हा वजन करा. छपरासाठीच्या अव्वल प्रतीच्या स्लेटने 0.25 टक्क्याहून जास्त पाणी पिऊ नये, असं अमेरिकी मानक सांगतं. फूटभर लांब, फूटभर रुंद आणि सेंटिमीटरभर जाड तुकडा अडीच किलोच्या आसपास भरतो. म्हणजे बुडवल्यावर सहा ग्रॅमच्या आसपास वाढ चालेल. पन्नास ग्रॅम वाढला तर तो घराच्या आतच शोभेल, किंवा कुठेच नाही. ओट्याला छपराइतकी कडक अट लावायची गरज नाही. पण दोन नमुन्यांत कमी कोण पितो, ते तरी कळेल.

एका कोपऱ्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी डाग फिका, पिठूळ दिसला तर दगडात चुन्याचा अंश आहे. अशी पाटी शहरी हवेत टिकत नाही. धुरातला गंधक पावसाबरोबर त्या चुन्याला गाठतो, त्याचा जिप्सम होतो, जिप्समला जास्त जागा लागते आणि तो आतून पापुद्रे उचकटतो. सोनेरी ठिपके दिसतात का तेही पाहा. ते पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज. दिसायला देखणं, पण काही जातींत वर्षभरात त्यातून गंजाचे ओघळ उतरतात.

शेवटी पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून घासा. फडकं काळं झालं, तर तो 'काळेभोरपणा' तेलाचा किंवा रंगाचा आहे. तुमच्या दोन नमुन्यांतला एक तरी इथे पकडला जाईल, असं माझं मन सांगतं.

हे सगळं मी शहाणपणाने सांगते आहे खरी. पण माझ्या स्वतःच्या घराचा व्हरांडा करताना मी यातलं काहीही केलं नाही. दिवसभर लोकांचे दगड तपासायचे आणि घरी आल्यावर कंटाळा. गवंड्याने ट्रक उतरवला, वर 'स्लेट' लिहिलेलं होतं, रंग सुंदर होता, मी मान हलवली. दोन पावसाळ्यांनी फरशीचे पापुद्रे पायाला लागायला लागले. उरलेला एक तुकडा प्रयोगशाळेत नेला तर तो नीटशी स्लेट झालेलाच नव्हता, शेलच होता, म्हणजे नुसता घट्ट झालेला गाळ. सहकाऱ्यांनी मला वर्षभर चहाला बोलावताना 'शेलबाई' म्हटलं.

पायऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. घासून गुळगुळीत केलेली नको, फोडून निघालेल्या खरबरीत अंगाचीच घ्या, ओल्या पावलाला तीच धरते. आणि गवंड्याला सांगा, की मालाचे चार गोळे कोपऱ्यात ठेवून फरशी टेकवायची नाही, खाली माल सलग हवा. पोकळ राहिली तिथे टाच पडली की स्लेट तडकणार.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. गाळाचे थर एकावर एक साचून स्लेट तयार होते, म्हणून ती थराथरांनी सुटते, असं मी मुलांना सांगत आले. एका विद्यार्थ्याने दाखवलेल्या तुकड्यात रंगांचे पट्टे तिरपे आहेत आणि दगड मात्र सरळ फुटला आहे. माझं काय चुकलं?

तुमचं फारसं काही चुकलं नाही आणि विद्यार्थ्याला शाबासकी द्या. ते तिरपे पट्टे हेच मूळ गाळाचे थर. दगड फुटला तो त्यांच्या दिशेने नाही.

बारीक चिखल साचतो, दबतो, त्याचा शेल होतो, तिथपर्यंत तुमची गोष्ट बरोबर आहे. पुढे डोंगर घडताना जमीन बाजूंनी आवळली जाते. त्या दाबाने आणि उष्णतेने मातीतल्या खनिजांचं अभ्रक आणि क्लोराइट बनतं. त्यांच्या चपट्या पत्र्या दाबाला काटकोनात ओळीने उभ्या राहतात. टेबलावर विस्कटलेल्या काड्या दोन पट्ट्यांमध्ये धरून सरकवा, त्या आपोआप एका दिशेला लागतात, तसं. दगड फुटतो तो या नव्या दिशेने. जुने थर कुठेही गेलेले असोत, त्यांना तो विचारत नाही. पट्टे फुटीला समांतर दिसले, तर तो निव्वळ योगायोग.

हे ठरायला बराच काळ लागला. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाच्या इंग्रज संशोधकाने दगडाच्या पारदर्शक होतील इतक्या पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि 1853 मध्ये हे कारण मांडलं. दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याची कल्पनाच तेव्हा लोकांना हास्यास्पद वाटायची. जांभळ्या स्लेटमध्ये कधीकधी हिरवट ठिपके असतात. मुळात ते गोल होते, पण पाहावं तर अंड्यासारखे लांबट झालेले. दगड किती चेपला गेला याचं मोजमाप त्या ठिपक्यांतच लिहिलेलं आहे.

वर्गात सांगायला आणखी एक. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला डेलाबोल नावाची स्लेटची खाण आहे, सहाशेहून अधिक वर्षं दगड देणारी. तिथे दगडात पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे आकार सापडतात आणि त्यांना 'डेलाबोलची फुलपाखरं' म्हणतात. ती आहेत समुद्रातल्या शिंपल्यासारख्या प्राण्याची कवचं, ब्रॅकिओपॉडची. दगडाबरोबर तीही ताणली गेली आणि फुलपाखरं झाली.

प्रश्न : आमच्या जुन्या इमारतीचं उतरतं छप्पर स्लेटचं आहे. दर पावसात दोन-चार पाट्या घसरून खाली येतात. ठेकेदार म्हणतो, दगड संपला, सगळं काढून पत्रे टाका. इमारत शंभरीला आली आहे. पाट्यांचं आयुष्य खरंच संपतं का?

खाली पडलेली पाटी उचलून वाजवा. वरच्या उत्तरात लिहिलंय तशी. ठणठणली तर ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवा.

अशा छपरांवर मी कितीतरी वेळा चढले आहे आणि बहुतेक वेळा दोषी निघाला तो खिळा. लोखंडी खिळा साठ-सत्तर वर्षांत गंजून मान टाकतो आणि त्याच्यावर लटकलेली धडधाकट पाटी बिचारी घसरते. या दुखण्याला इंग्रजी कारागीर खिळ्यांचा आजार म्हणतात. उपाय असा, की पाट्या काढायच्या, वाजवून निवडायच्या, खालच्या लाकडी पट्ट्या तपासायच्या आणि त्याच पाट्या तांब्याच्या खिळ्यांनी परत चढवायच्या. मी उल्लेख केलेलं मानक पहिल्या प्रतीच्या पाटीला 75 वर्षांहून जास्त आयुष्य देतं. म्हणजे शंभरीतली इमारत आणि धडधाकट पाटी यांत विसंगत काही नाही.

तुमच्याकडे कुणी काम करायला आला तर त्याला ते येतं का, हे ओळखायच्या खुणा सांगते. पाटीला भोक पाडताना तो मागच्या अंगाने ठोकतो का पाहा. मागून ठोकलं की पुढच्या अंगाला भोकाभोवती बशीसारखा टवका उडतो आणि खिळ्याचं डोकं त्या खोलगटात बसतं. पुढून ठोकणारा नवशिका समजा. दुसरं, तो खिळा घट्ट आवळतो का? आवळायचा नाही. पाटी खिळ्यावर लटकायला हवी, भिंतीवरच्या तसबिरीसारखी. आवळलेली पाटी पहिल्या उन्हाळ्यात भोकापाशी तडकते.

तिसरी खूण दिसत नाही, विचारावी लागते. पाट्या एकमेकींवर किती चढवणार? स्लेटला सांधे भरायचे नसतात, पाणी रोखतात ते तिचे पदर. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवरच नाही, तर तिच्याही खालच्या ओळीवर थोडी चढलेली असते. 20 इंचांच्या पाटीला 3 इंचांचा असा चढाव दिला, तर बाहेर दिसतो फक्त साडेआठ इंचांचा पट्टा. म्हणून छपरावर कुठेही पाहा, पाट्यांचे दोन पदर तरी असतात, चढावाच्या जागी तीन. कमी उतारावर पाणी या पदरांत मागे शिरतं, तेव्हा उतार निदान वीस-पंचवीस अंश हवा आणि जितका कमी तितका चढाव जास्त. 'दगडाचं छप्पर जड' हा आक्षेपही ऐकून घ्या, कारण तो खरा आहे. चौरस मीटरला साधारण 30 ते 50 किलो भरतं. तुमचं लाकूडकाम ते शंभर वर्षं उचलतंय, पण वाळवी लागली आहे का, ते पाहून घ्या.

मधलीच एखादी पाटी फुटली तर तिच्या डोक्यावरचे खिळे वरच्या ओळींखाली झाकलेले असतात. लांब, चपटं, टोकाला आकडा असलेलं एक हत्यार खाली सरकवून ते खिळे कापतात, नवी पाटी आत ढकलतात आणि ती घसरू नये म्हणून तांब्याची किंवा शिशाची पट्टी खालून वळवून अडकवतात. या पट्टीचं इंग्रजी नाव 'टिंगल'. ही टिंगल न लावता जे लोक वरून डांबर फासतात, ते तुमच्या छपराची आपल्या मराठीतली टिंगल करतात. डांबराखाली पाणी अडतं आणि लाकूड कुजतं.

जाता जाता गंमत. वेल्समधल्या खाणमालकांनी पाट्यांच्या मापांना उमराव बायकांची नावं दिली होती. 24 बाय 12 इंचांची डचेस, 20 बाय 10 ची काउंटेस, 16 बाय 8 ची लेडी. त्या काळी वेल्सची पाटी जगभर जात असे. या डचेस-काउंटेसांमागे खाणीतला माणूस मात्र धूळ खात होता. पेन्ऱ्हिनच्या खाणीतला 1900 ते 1903 चा संप हा ब्रिटनमधल्या सगळ्यात लांबलेल्या संपांपैकी एक. एक टन विकाऊ पाटी काढायला दहा टनांहून जास्त दगड टाकून द्यावा लागे. त्या टाकलेल्या दगडांचे डोंगर आजही उभे आहेत. वायव्य वेल्समधला तो सगळा प्रदेश 2021 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

प्रश्न : बिलियर्डच्या टेबलाला कापडाखाली दगड का असतो?

लाकूड वाकतं म्हणून. लंडनच्या जॉन थर्स्टनने 1826 च्या सुमाराला टेबलाला स्लेट बसवायला सुरुवात केली. तिचे मोठे, सपाट तुकडे निघतात आणि हवेतल्या ओलीने ते फुगत नाहीत. बारा फुटी टेबलात असे पाच तुकडे जोडलेले असतात. टेबल हलवायला चार माणसं पुरतील असं कुणी म्हणालं, तर त्याने ते कधी हलवलेलं नाही.

प्रश्न : जुन्या गिरणीच्या वीजघरात भिंतीवर एक काळी जाड फळी सापडली. तिच्यावर पितळी खटके आहेत. मुलगा म्हणतो स्लेट आहे, धुऊन टेबल करू. करावं का?

असू शकेल. प्लॅस्टिक येण्याआधी स्विचबोर्ड स्लेटचे किंवा संगमरवराचे असत. दगड जळत नाही, वीज वाहून नेत नाही आणि स्लेटला भोकं सहज पडतात. फक्त धातूच्या खनिजाची शीर आत असलेली पाटी चालायची नाही, कारण वीज त्या शिरेतून वाट काढायची.

पण इथे मी 'वाजवा, घासा, पाण्यात घाला' असं काही सांगणार नाही. त्याच कामाला अ‍ॅसबेस्टॉसच्या काळ्या फळ्याही वापरल्या जात आणि दिसायला त्या स्लेटच्या सख्ख्या बहिणी. कापू नका, भोक पाडू नका, घासू नका; अ‍ॅसबेस्टॉसचे बारीक तंतू श्वासात गेले तर फुप्फुसांच्या जिवावर उठतात. आधी वीज पूर्ण तोडल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्या, मग अ‍ॅसबेस्टॉस ओळखणाऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. तो अहवाल येईपर्यंत मुलाला दुसरं टेबल शोधू द्या.

प्रश्न : नातवाला दगडी पाटी दिली. तो ओल्या बोटाने अक्षर पुसतो, अक्षर जातं आणि पाटी वाळली की परत येतं! 'आजी, हे भूत आहे का?' असं विचारतो. मी काय सांगू?

आजी, त्याला सांगा की भूतच आहे आणि ते उजेडाचं आहे. पेन्सिल पाटीपेक्षा मऊ असते. खरबरीत पाटी तिची भुकटी काढून घेते आणि त्या भुकटीच्या कणांमधल्या हवेमुळे उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून रेघ पांढरी दिसते. पाणी आत शिरलं की कणांमधली हवा हटते, उजेड विखुरणं कमी होतं आणि रेघ नाहीशी झाल्यासारखी वाटते. भुकटी तिथेच असते. पाणी उडालं की अक्षर हजर. खरंच पुसायचं असेल तर ओल्या फडक्याने भुकटी उचलायला हवी. बोटाने ती फक्त पसरते.

तुमच्या पत्राच्या कडेला 'तो किर्र आवाज मात्र सहन होत नाही' असं बारीक अक्षरात लिहिलंय, त्याचं उत्तरही देते. पेन्सिल अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं. त्यातून येणारा आवाज आपल्या कानाला नेमका फार तीक्ष्ण लागतो. पेन्सिल आणखी कलती धरायला शिकवा, बराच कमी होईल.

आता एक गोष्ट नातवाला सांगायची नाही, पण तुम्ही ऐका. मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पाटीच्या पेन्सिली करायचा मोठा धंदा होता. यंत्राच्या करवतीवर दगड कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका होती आणि ऐन तारुण्यातल्या कामगारांना सिलिकोसिस झाला. या आजारात फुप्फुसं घट्ट होत जातात आणि गेलेला श्वास परत मिळत नाही. शास्त्रीय नियतकालिकांत त्यावर लेख आले. माझ्या टेबलावर ते कित्येक वर्षं पडून होते, आणि आमच्याच प्रयोगशाळेतला नमुने कापणारा माणूस तोंडाला रुमाल बांधून काम करायचा. रुमाल! पाण्याची धार सोडून कापायची करवत आम्ही मागून घेतली ती फार उशिरा. नातवाच्या पेन्सिलीच्या रेघेत धोका नाही. धोका आहे तो कोरडा दगड यंत्रावर कापणाऱ्याच्या नाकातोंडाशी. ज्यांच्या घरी स्लेट बसवायचं काम चालू आहे, त्यांनी आजच जाऊन पाहा, करवतीवर पाणी चालू आहे का आणि तोंडावर धुळीचा खरा मास्क आहे का.

प्रश्न : फरशीचं काम झालं. फुटके, वेडेवाकडे तुकडे ढीगभर उरलेत. फेकवत नाहीत.

फेकू नका. कुंपणाची छोटी भिंत बांधणार असाल, तर जमिनीच्या थोडं वर पाट्यांचे दोन थर सिमेंटच्या मालात बसवा, खालच्या थराचे सांधे वरच्या पाटीने झाकतील असे. जमिनीतली ओल वर चढायची थांबते. डांबरी पट्टे येण्याआधी घरांच्या भिंतींतही हेच करत. लहान कपच्या कुंड्यांतल्या मातीवर पसरा, माती लवकर वाळत नाही. लांबट कपचीवर खिळ्याने रोपाचं नाव कोरा, शाई उडते, कोरलेलं राहतं.

आणि एक बारीक पोताचा, हाताला कुठेही खडा न लागणारा तुकडा बाजूला काढा. काचेवर बारीक वाळूचा कागद पसरून, पाणी घालून तो सपाट घासा. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून चाकू फिरवा, कलता, एकाच दिशेने, दोन्ही बाजूंनी. धार आली की नाही, ते वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा.